कादंबरीतली लोरेटा

माझा धाकटा भाऊ ऑर्विल शिकागोच्या पोस्टात पत्रांची वर्गवारी करायचा आणि घरी आला की कादंबरी लिहायचा. दोन ओळी टाइप करायच्या, उठायचं, खिडकीशी जायचं, परत यायचं. थेरॉन त्याच्याच खोलीत राहायचा. शेजारी त्याला आमचा चुलतभाऊ समजत. सरकारी नोकरी, कुजबूज वर पोचली असती तर गेलीच. मी कधी काही विचारलं नाही. रविवारी चर्च सुटलं की दोघांना जेवायला घालायचे.

कादंबरी दोन काळ्या पुरुषांच्या प्रेमाची होती. त्रेपन्न साली न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाचं पत्र आलं: लिहिता उत्तम, पण वाचकाला एका वेळी एकच दुःख झेपतं. दोघांना गोरे करा, नाहीतर एकाची बाई करा.

तीन महिने खपून ऑर्विलने कादंबरीतल्या थेरॉनची बाई केली. नाव लोरेटा.

थेरॉनने ती पानं माझ्याच टेबलावर वाचली. ताटातली कोंबडी गार झाली.

"हे मी बोललोय," तो म्हणाला. "आईला पुरून आलो त्या दिवशी, तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून. अन् तू मला झगा चढवलास?"

"निदान छापून तर येईल ना रे!"

"कोण छापून येईल? ती सटवी लोरेटा! गल्लीत मी चुलतभाऊ, पुस्तकात बाई. मग मी आहे तरी कुठं?"

ऑर्विल माझ्याकडे वळला. "ताई, तू तरी बोल काहीतरी."

"मला तो पहिला बरा वाटला होता," मी म्हणाले. "मिशीवाला."

"तू वाचलंस?"

"कागद माझ्याच कपाटात ठेवतोस, गाढवा."

थेरॉनला हसू आलं नाही. त्याच आठवड्यात तो डेट्रॉइटला मोटारीच्या कारखान्यात निघून गेला.

ऑर्विलने लोरेटाला काढून टाकलं आणि जुनी कादंबरी सहा ठिकाणी धाडली. सहाही ठिकाणांहून परत आली. सहाव्याने तर चिठ्ठीसुद्धा जोडली नव्हती.

हिवाळ्यात कारखान्याने माणसं कमी केली, तसा थेरॉन परतला. खोली मात्र दोन रस्ते पलीकडे घेतली. आता रविवारी दोघं वेगवेगळे येतात, एकत्र जातात.

परवा भांडी विसळताना मी ऑर्विलला विचारलं, "जुळलं का रे तुमचं?"

"कोण जाणे," तो म्हणाला. "मी काय लिहितोय ते तो विचारत नाही. अन् सांगायला माझी जीभ रेटत नाही."