आप्पांच्या गाडीतला रेडिओ

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. सगळा जन्म विजेच्या कामात गेला. दिवा लागला नाही तर कुठेतरी तार तुटलेली असते, एवढंच मला ठाऊक. या सदरातले अनुभव मी बहुतेक वेळा चिडूनच वाचतो. तेव्हा हे वाचून कुणी मला आत्म्यांचं शास्त्र शिकवायला येऊ नये... आणि ‘भास झाला असेल’ असंही म्हणू नये. तिघांना एकच भास होत नाही.

साठचं दशक संपत आलं होतं. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि मी कराडहून येऊन तिथल्या एका ठेकेदाराकडे वायरमन म्हणून लागलो होतो. बोईसरला स्टेशनजवळ दोन खोल्या, पुढे ओटा आणि जरासं अंगण. बायको सुमन, पालघरची. लग्न तिच्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या मनाविरुद्ध झालेलं. त्यांची गवताची मोठी वखार होती. मी परमुलखातला, पकड-पाने घेऊन फिरणारा. आमच्याकडे आले तर ओट्यावरच उभे राहायचे. पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत.

त्या रविवारी सकाळी ते सुमनला बाळंतपणासाठी न्यायला आले. सातवा महिना होता. काळी विलायती गाडी घेऊन आले — त्यांच्या थोरल्या भावाची. हे भाऊकाका वाणगावला राहायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. “त्याला आता गाडी काय कामाची?” म्हणून आप्पांनी ती स्वतःच्या दारात आणून उभी केली होती. भाऊकाकांना कुणी विचारलं नव्हतं.

“रेडिओ बंद पडलाय,” आप्पा मला म्हणाले. “सुमीचं आवरेपर्यंत बघा जमतंय का. नाय जमलं तर उगा मोडून ठेवू नका.”

डोकं फिरलं, तरी हत्यारं काढली. फ्यूज पाहिला, शाबूत होता. टेस्ट लॅम्प लावला. सेटपर्यंत करंट येत होता. म्हणजे दोष आत. बॅटरीची तार सोडली, एरियल काढली, सेट बाहेर ओढून ओट्यावरच्या पाटावर ठेवला. स्पीकर त्याच डब्यात होता.

आता हे नीट ऐका. ते सेट काचेच्या व्हॉल्व्हचे. बॅटरी बारा व्होल्टची असली तरी आत दोनशेच्या वर तयार होतात, आणि तारा सोडल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतात. हात लागला तर माणूस फेकला जातो. म्हणून मी वीस मिनिटं थांबलो. मग झटका छातीतून जाऊ नये म्हणून एक हात पाठीमागे धरून, रेझिस्टन्स लावून एकेक कपॅसिटर रिकामा केला. मीटर लावला... काटा शून्यावर. त्या डब्यात मुंगीला चटका बसेल एवढीसुद्धा वीज नव्हती.

आप्पा गाडीत बसून पान चघळत होते, दार उघडं. सुमन उंबऱ्यापाशी पिशवी भरत होती. मी व्हॉल्व्ह काढायला बोट लावलं आणि स्पीकर खरखरला.

“बाळ्या.”

पुरुषाचा आवाज. जाड, रागाने घोगरा झालेला.

“बाळ्या, उतर. माज्या गाडीतून उतर. मी मेलो नाय अजून.”

मी स्पीकरच्या कागदावर बोट ठेवलं. तो थरथरत होता. सुमनच्या हातातली पिशवी खाली पडली. “काका...” ती म्हणाली, “हा काकांचा आवाज हाय.”

आप्पांना बाळ्या म्हणणारा जगात एकच माणूस होता.

ते गाडीतून उतरले ते थेट माझी कॉलर धरायला. “काय लावलंस हे? कुटं लपवलंस यंत्र? दादाच्या घरच्यांना सामील झालास?” मी त्यांना तारा दाखवत होतो, आणि त्यांनी पाटाला लाथ घातली. सेट अंगणात जाऊन पडला. मातीतूनही एकदा आलं — “उतर.” मग बंद.

“सुमे, गाडीत बस.”

“नाय बसणार आप्पा. आधी काकांकडं चला.”

“मग ऱ्हा इथंच. माज्या घराचं तोंड बघू नको.” आणि ते एकटेच गेले.

आम्ही दुपारच्या आगगाडीने वाणगावला गेलो. खळ्यात मिरच्या वाळत होत्या, भाऊकाका ओटीवर खाटेवर. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांचा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. आम्ही काही सांगायच्या आधीच काकू म्हणाली, “बरं झालं आलात. आज अकराच्या सुमाराला काय झालं कोण जाणे, एकदम उठून बसायला बघत होते. तोंड नुसतं हलत होतं, आवाज नाय. घामानं आंथरूण भिजलं.”

आमच्याकडेही तेव्हा अकराच वाजले होते.

भाऊकाकांनी आमच्याकडे पाहिलं नाही. ते फाटकाकडे पाहत होते. मागून गाडी येत नाही हे दिसल्यावर त्यांनी डोळे मिटले. चार महिन्यांनी गेले. एक शब्दही न बोलता.

इथे लोक अपघाताची वाट पाहतात. नाही. गाडीला काही झालं नाही, आप्पांनी ती वर्षानुवर्षं चालवली. आमचा मुलगा बोईसरलाच झाला. माहेरचं कुणी फिरकलं नाही. सेट मी नंतर कितीदा तपासला. आतली एक जोडणी सुटली होती, एवढाच दोष. जवळच्या रेडिओ स्टेशनचा आवाज कधी कधी पत्र्यातूनही येतो, असं एक जाणकार म्हणाला. येत असेल. पण आकाशवाणी कुणाला ‘बाळ्या, उतर’ म्हणत नाही.

पुष्कळ वर्षांनी आप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा सुमन हट्टाने मला पालघरला घेऊन गेली. मी दारातच थांबलो. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“आता तरी खरं सांग,” ते म्हणाले. “तूच केलं होतंस ना?”

तो आरोप नव्हता. ते विनवत होते. मी ‘हो’ म्हटलं असतं तर त्यांची सुटका झाली असती. 

“मी काही केलं नव्हतं, आप्पा,” मी म्हणालो.

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी गेले.

त्या दिवशी तो आवाज कुठून आला ते मला आजही सांगता येत नाही. आणि खोटं का बोललो नाही, तेही.