आमचा सीआर आणि डीनबाईचं रवंथ

जनावरांच्या डॉक्टरला किस्से जमवावे लागत नाहीत. ते शेणासारखे अंगाला चिकटून घरी येतात आणि अंघोळ केली तरी थोडे उरतातच! देऊळगाव राजातल्या माझ्या दवाखान्यात दुपारी गर्दी ओसरली, एखादा जुना वर्गमित्र चहाला टेकला, की विषय फिरून फिरून नझीरवर येतो. नझीर म्हणजे मेहकरच्या बाजूला असलेल्या आमच्या व्हेटर्नरी कॉलेजातला वर्गप्रतिनिधी. आमचा सीआर.

* * *

सीआर व्हायला आमच्या वर्गात कुणीच तयार नसायचं. सरांच्या शिव्या खायच्या त्यानं, आणि पोरांच्याही खायच्या त्यानंच. म्हणून आमच्याकडे एक पद्धत पडली होती. निवडीच्या दिवशी जो गैरहजर, तो सीआर!

त्या वर्षी नझीर बहिणीच्या लग्नाला गावी, वरवट बकालला गेला होता. परत आला तो बालूशाहीचा डबा घेऊन. वर्गात पाऊल टाकलं तर सगळे उभे राहून ओरडले, "मुबारक हो, नझीरभाई!"

बिचाऱ्याला वाटलं, बहिणीच्या लग्नाचं अभिनंदन चाललंय. "शुक्रिया, शुक्रिया," म्हणत त्यानं बाकाबाकावर जाऊन बालूशाही वाटली. शेवटच्या बाकावर त्याला खरी गोष्ट कळली.

"अबे, मले इचारलं काऊन नाई?"

"आता काय विचारायचं? मिठाईसुद्धा वाटलीस तू!"

* * *

पुढच्या महिन्यात त्याचे अब्बा कॉलेज बघायला आले. मुलगा सीआर झालाय एवढंच त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी कौतुकानं विचारलं, "सीआर म्हंजे काय बेटा? सरपंच का?"

"नाई अब्बा," नझीर म्हणाला. "कोतवाल."

* * *

नझीर अंगापिंडानं दांडगा, पण सरांसमोर उभा राहिला की त्याची बोबडी वळायची. होस्टेलचे पंखे बंद पडले होते, तेव्हा आम्ही त्याला पढवून डीन सरांकडे पाठवलं. पाचच मिनिटांत परत आला.

"काय झालं?"

"सर बरे हायेत."

"आणि पंखे?"

"तब्येत इचारली, तेवढ्यात घंटी वाजली ना बे!"

मग त्यानं स्वतःच उपाय काढला. कॉलेजच्या गोठ्यात एक म्हातारी म्हैस होती. चेहरा गंभीर, नजर समोरच्याच्या आरपार, आणि तोंड सतत हलतं. पोरं तिला डीनबाई म्हणायची. नझीर रोज सकाळी तिच्यासमोर उभा राहून भाषणाची रिहर्सल करू लागला. आवाज चढला की डीनबाईचं रवंथ थांबायचं आणि ती कान टवकारायची. मग हा पहिल्यापासून सुरू करायचा. शेवटपर्यंत रवंथ चालू राहिलं, तरच तो डीन सरांच्या केबिनकडे वळायचा.

पंखे आले. लायब्ररी संध्याकाळी उघडी राहू लागली. एकदा डीन सर आम्हाला म्हणाले, "हा नझीर बोलायला लागला की मला गुंगी येते हो. जाग येते तोवर माझ्या हातून सही झालेली असते!"

* * *

हे सगळं मजेचं. पण एक गोष्ट मजेची नव्हती.

खेड्यातून फोन यायचा, 'म्हैस विताना अडलीय.' कॉलेजची गाडी निघायची आणि गाडीत फक्त पोरं बसायची. आम्हा मुलींना क्लिनिकचे सर सांगायचे, "तुम्ही लॅबमध्ये थांबा. खेड्यात ताकदीचं काम असतं." मनानं ते वाईट नव्हते. पण शेवटचं वर्ष सरत आलं होतं आणि अडलेलं जनावर सोडवायला मी एकदाही हात घातला नव्हता. मला गावात दवाखाना टाकायचा होता. पहिल्याच शेतकऱ्यासमोर मी काय सांगणार होते, की रक्त तपासून देते?

मी नझीरवर चिडले. "तू पोरांचाच सीआर आहेस का?"

दुसऱ्या दिवशी तो डीनबाईसमोर जरा जास्त वेळ उभा दिसला. मग क्लिनिकच्या सरांकडे गेला आणि आपला सुपाएवढा पंजा त्यांच्या टेबलावर ठेवला.

"सर, हा माहा हात पाहा. आता जरा म्हशीच्या बाजूनं इचार करा."

सर खूप हसले. पण गाडीत पोरंच बसत राहिली.

* * *

मग एका सकाळी लसीकरणाला जायचं होतं. लसीकरण होतं म्हणून बरं. अडलेल्या जनावराच्या वेळी नझीरनं असलं काही केलं नसतं. गाडी दारात लागली आणि वर्गातली झाडून सगळी पोरं आमच्या मागे लॅबमध्ये येऊन बसली.

सर आत आले. "हे काय?"

नझीर उभा राहिला. रवंथ थांबणार नाही अशा आवाजात म्हणाला, "सर, थांबाचं तं सगळेच थांबतो. जाचं तं सगळेच जातो."

बाहेर ड्रायव्हरकाका हॉर्न वाजवून वाजवून कंटाळले. शेवटी त्यांनी खिडकीतून डोकं घातलं. "काहो सर, कोनी येऊन राह्यलं का? का मी एकटाच जाऊन टोचून येऊ?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा गाडीत बसले. नझीरनं मला पुढची सीट दिली आणि स्वतः मागे लसीच्या खोक्याशेजारी अंग चोरून बसला. आज माझ्या दाराशी लोक विश्वासानं जनावर आणतात, तेव्हा ती पुढची सीट मला आठवते. त्याचे उपकार फिटायचे नाहीत. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. तो म्हणाला, "सीट तं कॉलेजची होती."

* * *

आता शेवटचा.

इंटर्नशिपसाठी नवा प्रतिनिधी निवडायचा होता. दुपारी सगळे वर्गात जमणार होते. तेवढ्यात जवळच्याच खेड्यातून फोन आला, म्हैस अडलीय. क्लिनिकच्या सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "प्रणाली, चल."

म्हशीची मालकीण एक आजी होती. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं, झालं, आता ही नको म्हणणार. आजीनं माझं मनगट धरून पाहिलं. "बारीक हाये. घाल माय हात!"

रेडकाचा एक पाय मागे दुमडला होता. तो सापडेपर्यंत माझा खांदा भरून आला, डोळ्यांत पाणी आलं. सर शेजारी उभे होते, पण त्यांनी हात लावला नाही. पाय सरळ झाला, आम्ही ओढलं आणि वगार बाहेर आली. शिंकली! आजीनं माझ्या ओंजळीत गुळाचा मोठा खडा ठेवला. "इच्या पुढच्या बाळंतपनालेबी तूच ये."

कॉलेजात परतले तेव्हा बाही खांद्यापर्यंत बरबटलेली होती आणि पाय जमिनीवर नव्हते. वर्गात शिरले तर सगळे उभे राहून टाळ्या वाजवत ओरडले, "अभिनंदन!"

"थँक यू, थँक यू!" म्हणत मी गूळ फोडला आणि बाकाबाकावर जाऊन वाटला.

शेवटच्या बाकावर नझीर बसला होता. त्यानं गूळ तोंडात टाकला, सावकाश चघळला आणि म्हणाला, "उद्या सकाळी गोठ्यात ये. अन् हळू बोलजो बरं, डीनबाईचं रवंथ नाई थांबलं पाह्यजे."