शमीम मॅडम आणि माझी छापील लग्नं

शमीम मॅडमनी माझं लग्न कितीदा तरी लावलं, तेही मला न विचारता. संगणकावर नवा फॉन्ट बसवला की त्या सर्वांत आधी माझी लग्नपत्रिका टाइप करायच्या. "सर, पत्रिकेत मराठीतली सगळी अवघड अक्षरं येतात. आमच्या अब्बांचा देवणीला पत्रिकांचाच छापखाना हाय, मला विचारा!" माझं नाव श्रीकृष्ण. त्यात श्री, कृ आणि ष्ण एका दमात तपासून होत, म्हणून वर कायम मीच. वधू दर वेळी चि. सौ. कां. प्रज्ञा, तीही अक्षरांसाठीच. ही प्रज्ञा कोण, असं माझ्या आईने एकदा फार आशेने विचारलं होतं.

लातुरात तेव्हा क्लासेसचं पेव फुटलं होतं. भूकंपाला फार वर्षं झाली नव्हती. पालक आधी छत बघत आणि मग शिक्षक. म्हणून आमचा क्लास पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. मी जीवशास्त्र शिकवायचो, शमीम मॅडम गणित. आवाज खणखणीत, आणि स्वतःची स्तुती स्वतःच उरकून घ्यायची सवय. "माझ्यासारखं गणित साऱ्या जिल्ह्यात कोणी शिकवत न्हाई. खोटं असलं तर सांगा," असं त्या म्हणत. खोटं नसायचं, हीच पंचाईत होती.

त्या उन्हाळ्यात क्लासच्या मालकांनी, म्हणजे भाऊंनी, जाहीर केलं की जूनपासून मराठी माध्यमाची तुकडी बंद. इंग्रजी तुकडीचे पेपर संगणकावर जुळवलेले, पुस्तकासारखे देखणे. मराठीचे मात्र हाताने लिहून झेरॉक्स काढलेले, कारण समीकरणं जुळवणाऱ्या आमच्या सिस्टीमला मराठी येतच नव्हतं. "त्यांचे पालक तर मीटिंगलाही येत नाहीत. कुणासाठी चालवायची?" भाऊ म्हणाले. शमीम मॅडम स्वतः मराठी शाळेत शिकलेल्या. त्या उसळल्याच. "सराव परीक्षेपर्यंत थांबा भाऊ. मराठी पेपर इंग्रजीच्या तोडीचा काढला तर तुकडी ठेवायची. बोला!" भाऊ नुसतं "बघू" म्हणाले.

नांदेडच्या मैत्रिणीकडून त्यांनी मराठी फॉन्टच्या फ्लॉप्या आणल्या, एसटीत धूळ लागू नये म्हणून जेवणाच्या डब्यात घालून. फायली संगणकात उतरवल्या, तर सिस्टीम म्हणे असा फॉन्टच नाही. मी हताश, मॅडम खूश. "सून घरात आली, पण रेशनकार्डावर नाव चढवलं न्हाई, तर तिच्या वाटची साखर कशी मिळंल? नाव चढवावं लागतंय सर." त्यांनी फायली ठरलेल्या फोल्डरांत हलवल्या आणि सिस्टीमला फॉन्टांची यादी नव्याने करायला लावली. मी आणि प्रज्ञा पडद्यावर झळकलो. कागदावर मात्र नुसते आकडे उमटले, मराठीच्या जागी कोरं. "छपाईच्या फायलीतबी नाव घालायचं राहिलं की! करून राहिले मी, फिकीर करू नका." पत्रा तापला होता, संगणकावर ओलं पोतं टाकायचा त्यांचा बेत मी कसाबसा हाणून पाडला. शेवटी समीकरणं आणि मराठी एका ओळीत सुबक छापून आलं, तेव्हा तो कागद त्यांनी समोरच्या रसवंतीवाल्यालासुद्धा दाखवला.

या आनंदात एक गोष्ट राहून गेली. फॉन्ट तपासायला टाइप केलेली माझी पत्रिका पेपरच्याच फाईलच्या शेवटी होती. ती पेपरसोबत छापली गेली आणि परीक्षा झाल्यावर मुलांनी घरी नेली, लांबच्यांनी पाठवून दिली. आठवडाभर मुलं माझ्याकडे बघून हसत होती. मला वाटलं, नवा शर्ट शोभत असेल.

पुढच्या रविवारी, पत्रिकेतल्या मुहूर्तावर, मॅडमनी विवाहस्थळ म्हणून टाकलेल्या आमच्या शेडसमोर माणसं जमू लागली. देवणीचे, कंधारचे, थेट धर्माबादचे पालक. कोऱ्या टोप्या, ठेवणीतली लुगडी, हातात स्टीलचे डबे. "नवरी कुठाय?" एका बाईंनी मलाच विचारलं. मी गार. भाऊ लालबुंद. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मग बाकावर चढल्या. "लगीन न्हाई आज, चूक माझी हाय! पण आलाच हाव तर बसा. सुशीला खाऊन जावा, आन् पोरं कशी शिकून राहिली ते ऐका." कोपऱ्यावरच्या हॉटेलातून कुरमुऱ्यांच्या त्या सुशीलाची पातेली आली.

भाऊंनी विचारलं, मीटिंगला का नाही आलात कधी? धर्माबादचे एक गृहस्थ उठले. "मीटिंगची चिठ्ठी इंग्रजीत यायची, उमगायची न्हाई. ह्यो कागद वाचता आला, म्हनून आलो. खरं सांगू? पोरीला जूनपासून घरी बसवनार व्हतो. पन पेपर बघितला. तिला म्हनलं, तुमचाबी आता इंग्रजीवाल्यावानी हाय की. जा, शिक." भाऊ बशीतली सुशीला चिवडत "तुकडी चालू" असं पुटपुटले. मॅडमनी ते त्यांना मोठ्याने पुन्हा म्हणायला लावलं.

पुढे मॅडम नांदेडच्या कॉलेजात गेल्या. मला त्या आठवतात त्या जूनच्या पहिल्या दिवशीच्या. मराठी तुकडीला एवढी गर्दी झाली की अर्धी मुलं बाहेर लिंबाखाली बसली. मॅडम दारात उभ्या राहून दोन्हीकडे ओरडून शिकवत होत्या. धर्माबादची मुलगी पुढेच बसली होती. भाऊ घाम पुसत आले. "मॅडम, एवढ्यांना जागा कुठाय?"

मॅडमनी हातातला खडूही खाली ठेवला नाही. "पोरं आलीत न्हवं, भाऊ? मग ह्या लिंबाकडच्या भिंतीचा पत्रा काढा."

आणि भाऊंनी स्वतः पाना आणून तो काढला.