ढोलाला घातलेली अट

अयानदेलेच्या घराण्यात सात पिढ्यांचा ढोल होता. डमरूसारखा कमरेत बारीक, काखेत धरून दोऱ्या आवळल्या की चक्क शब्द बोलणारा. इसेयीन गावात लग्न असो की बारसं, पाहुणा उंबऱ्यावर आला की ढोल त्याच्या कुळाची स्तुती बोले आणि पाहुण्याची छाती वीतभर फुगे. स्तुती ऐकल्याशिवाय आत पाऊल टाकायची इथे कुणाला सवयच नाही.

अयानदेले ख्रिस्ती झाला तेव्हा चर्चमधले सगळ्यांत वडीलधारे, बाबा ओयेकान, यांनी त्याला दोन गोष्टी सोडायला लावल्या. एक नाव, कारण त्यात ढोलाचा देव होता. आणि दुसरा ढोल. अयानदेलेचा जोसाया झाला, ढोल आढ्याला टांगला गेला आणि तो सुरणासारखे याम कंद पिकवू लागला. येशूवर त्याचा खराखुरा जीव जडला होता, म्हणून त्याने कुरकुर केली नाही. पण प्रार्थनेत डोळे मिटले की त्याची बोटं बाकावर वाजत.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," बाबा मागच्या बाकावरून म्हणत.

अशी दहा वर्षं गेली. बायको अबेके मात्र गुपचूप दोऱ्यांना तेल लावत राहिली. एके दिवशी तिने ढोल खाली काढून त्याच्या मांडीवरच ठेवला आणि लेकीच्या नावाने त्याला हाक मारली.

"मोरेनिकेचे बाबा, देवाने हे हात काय नुसते कंद उकरायला दिलेत?"

तो पाद्र्यांकडे गेला. कापणीच्या सणाला वाजवू द्या, देवाच्या नावाशिवाय शब्द बोलणार नाही, म्हणाला. पाद्री राजी झाले. बाबांनी अट घातली: "पूर्वजांचा एक शब्द जरी ऐकला, तरी ढोल इथेच अंगणात जाळायचा." त्याच ढोलावर त्याच्या आजोबांचेही हात फिरले होते. तरी त्याने मान डोलावली.

सणाच्या रविवारी ढोल बोलला, "आभाळाचं छप्पर घालणाऱ्या, तुला वंदन." सगळं चर्च उठून उभं राहिलं. एकेक कुटुंब डोक्यावर टोपल्या घेऊन नाचत वेदीकडे निघालं. जोसायाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता.

बाबा ओयेकानांची पाळी आली. डोक्यावर कंदांची टोपली घेऊन ते दारापर्यंत आले आणि थांबले. ढोल देवाला वंदन करत राहिला. बाबांचे पाय काही उचलेनात. मागे सुना-नातवंडांची रांग तुंबली.

"काय रे, आमचं कूळ विसरलास?"

"विसरलो नाही, बाबा. तुमची अट आठवतेय."

बाया पदराआड हसायला लागल्या. बाबांची मान टोपलीखाली डुगडुगत होती.

"अट घातली कुणी? मी. मग मोडायचा हक्कही माझाच. वाजव."

जोसायाने क्षणभर डोळे मिटले. घराणं आणि देव, दोघांनाही मान मिळेल असे शब्द त्याला हवे होते, आणि ते बोटांत आले. "वादळातही न हलणारे ओयेकान! त्यांच्या आजोबांना हे पाय देणाऱ्या देवा, तुला वंदन."

सत्तरीचे बाबा असे नाचले, की टोपलीतले दोन कंद घरंगळून वेदीपाशी आधीच पोचले.

बाहेर आल्यावर घाम पुसत त्यांनी जोसायाच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या रविवारी उशीर करू नकोस, अयानदेले."

चर्चच्या अंगणात त्या नावाने त्याला आजवर कुणीच हाक मारली नव्हती.