जपानच्या बसची काळजी
ग्रीन टीचा वास आला की अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातले ते रिटायर्ड इंजिनिअर काका आठवतात. आमच्या भागात बस हवी म्हणून मी सह्या गोळा करत होते आणि ते चहा पाजत जगाच्या बातम्यांवर मतं देत होते. “जपानमध्ये खेड्यांतल्या बस बंद करतायत. म्हाताऱ्यांनी डॉक्टरकडे जायचं कसं? लाज वाटायला हवी.” मी तडकले, “काका, ड्रायव्हिंग तर तुमचंही बंद झालंय. तुम्ही कसे जाता?” “जातात कुठे? अपॉइंटमेंट कॅन्सल करतात,” काकू म्हणाल्या. काकांनी सही केली. सिटी कौन्सिलच्या मीटिंगला बोलायला मिळालेल्या तीन मिनिटांतली दोन मिनिटं त्यांनी जपानलाच झापलं, मग हळूच म्हणाले, “मीपण सहा महिने डॉक्टरकडे गेलेलो नाही.” बस अजूनही नाही, संताप येतोच, पण इतकं सरळ वाक्य मला एकाही पत्रकात लिहिता आलेलं नाही.