एकच मॅच खेळलेल्याचंही नाव

मंडळी, दुपारपासून डोक्यात खदखदतंय, म्हणून लिहितोय.

आमचा प्रोजेक्ट मॅनेजर स्कॉटलंडचा. इथे आखातात आम्ही बांधतोय ते वर्ल्ड कपचं स्टेडियम पूर्ण होत आलंय, त्यामुळे चहाला फुटबॉलच्याच गप्पा. आज त्याने आपल्या गावच्या क्लबच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक आणलं होतं. जहाजं बांधणाऱ्या कामगारांनी काढलेला क्लब. पहिला गोलकीपर तर सुतार होता म्हणे.

"एकच मॅच खेळलेल्याचंही नाव यात आहे. आम्ही कुणाला विसरत नाही," तो अभिमानाने म्हणाला.

तेवढ्यात आमचा भगवान कागदावर सही घ्यायला आला. आपला मराठी माणूस. चार वर्षं त्याने याच स्टेडियमवर परांच्या बांधल्या. आता पाठ कामातून गेली, म्हणून त्याला घरी पाठवताहेत.

सही करता करता मॅनेजरने विचारलं, "नाव काय तुझं?"

माझं डोकंच फिरलं. भगवानला गेटपर्यंत सोडायला गेलो. चालता चालता विचारलं, "गाव कोणतं रे तुझं?"

तो हसला. "चार वर्सं झाली सायेब, आज इचारलंत."

आणि गाव न सांगताच बसमध्ये चढला.

खरं सांगा, तुमच्या साइटवरच्या किती जणांचं गाव तुम्हाला माहीत आहे?