वरवंट्याचं नाव

आमचं दिग्रस मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या लेकीचं बारसं झालं. सरकार बदललं तरी घरात वरवंटा एकच होता, आणि तो माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या हातातला. चटणी, मसाला, पुरणाची डाळ, सगळं त्याच वाटत.

त्याच्या नावाबद्दल घरात एकमत नव्हतं. नवरा शाळेत मराठी शिकवी. त्याच्या मते वट्टा म्हणजे गोल गोटा, आणि तो पाट्याच्या वर फिरतो म्हणून वरवंटा. शेजारच्या मोटार मेकॅनिकची हिंदी बोलणारी बायको त्याला बट्टा म्हणे, तेव्हा तर नवऱ्याला केस जिंकल्यासारखं वाटे. सासूबाई म्हणत, "वाटते तो वंटा. त्यात काय शिकाचं हाय?" मला सासूबाईंचं पटे, पण नवऱ्यासमोर मी कबूल करत नसे.

बारशाला हा दगड लागतोच. धुऊन, टोपडं घालून त्याला बाळाआधी पाळण्यात निजवतात, बाळ तसंच टणक व्हावं म्हणून. त्याचं टोपडं जाऊबाईंनी शिवलं होतं, लाल काठाचं. लेकीचं शिवायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं होऊनही त्यांची कूस उजवली नव्हती. बायका जमू लागल्या तशा सासूबाई त्यांना म्हणाल्या, "तू चुलीकडंच राय वं. पायन्यापाशी नको येऊ." मला संताप आला. पण बाळंतिणीचं कोण ऐकतं?

नणंदेनं लेकीच्या कानात नाव सांगितलं, घुगऱ्या झाल्या, बायका गेल्या. वरवंटा लेकीच्या पायाशी टोपड्यासकट तसाच राहिला. संध्याकाळी सासूबाईंनी स्वयंपाकघरातून जाऊबाईंना हाक मारली, "वरवंटा घेऊन ये, चटणी वाटाची हाय."

कामासाठी म्हणून जाऊबाई आता पाळण्यापाशी आल्या. लेकीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. वरवंटा उचलून मांडीवर घेतला, टोपड्याची नाडी सोडायला हात नेला आणि थांबल्या. मग वाकून, कान असता तिथं तोंड नेऊन, नणंदेसारखंच हळू काहीतरी बोलल्या.

उशीर का म्हणून पाहायला सासूबाई दारात आल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं. आता जाऊबाईंना काय ऐकावं लागतंय, म्हणून मी उठायला लागले.

"ठेव पायन्यात," सासूबाई म्हणाल्या. "निजू दे त्याले आज. चटणी खलबत्त्यात कुटून घेऊ."